बोअर-टँकरच्या पाण्यात कापडी डायपर: धुऊनही सकाळी अमोनियाचा वास आणि तासाभरात गळती

वाघोलीची_आई

नमस्कार. बाळ ७ महिन्यांचं आहे. पॉकेटचे कापडी डायपर वापरतो, म्हणजे बाहेर पाणी अडवणारं कव्हर आणि त्याच्या खिशात घालायचं शोषक पॅड (इन्सर्ट). आत बांबू-सुती इन्सर्ट, थोडे मायक्रोफायबरचे. रात्री दोन इन्सर्ट एकत्र घालतो. सध्या दोन तक्रारी आहेत. रात्रीचा डायपर सकाळी काढला की डोळ्यांना झोंबेल असा वास येतो. आणि दिवसा तासाभरात मांडीच्या कडेने ओल बाहेर येते, पण इन्सर्ट काढून पाहिलं तर अर्धा कोरडाच असतो.

धुण्याची पद्धत अशी: वापरलेले डायपर दोन दिवस झाकणाच्या बादलीत पाण्यात भिजत. मग ७ किलोच्या फ्रंट लोडमध्ये ४० अंशांचं तासाभराचं सायकल. बाळाच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड एक झाकण, शेवटच्या पाण्यात जंतुनाशक एक झाकण आणि थोडं सॉफ्टनर. वाळवणं गॅलरीत, कडक उन्हात.

पुण्यात वाघोलीला राहतो. सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं पाणी थोडं, बाकी बोअर आणि टँकर. नळांवर पांढरा थर बसतो.

विचारायचं हे की दोष पाण्याचा की धुण्याचा? आत साचलेलं काढायचं कसं? सासूबाई म्हणतात लंगोट उकळायचो तसे हेही उकळून घ्या, ते चालेल का? आणि आता पाऊस सुरू होतोय, दोन दिवस वाळले नाहीत तर काय करायचं?

---

रसायनवाला

अर्धा इन्सर्ट कोरडा असताना गळतंय, हे तुमचं निरीक्षण सगळ्यात कामाचं आहे. इन्सर्ट पूर्ण भिजून गळला असता तर शोषणाची क्षमता कमी पडली असं म्हटलं असतं. इथे कापड पाणी घेतच नाहीये. एक धुतलेला इन्सर्ट सपाट टेबलावर ठेवा आणि त्यावर ५० मिली पाणी सावकाश ओता. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर धाग्यांवर काहीतरी चढलंय. तुमच्याकडे चढायला दोन गोष्टी आहेत: सॉफ्टनर आणि पाण्यातले क्षार.

सॉफ्टनर आजच बंद करा. कापड मऊ लागतं ते धाग्यावर स्निग्ध थर बसतो म्हणून, आणि तोच थर पाणी आत जाऊ देत नाही. टॉवेल थोडा कमी शोषतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, डायपरमध्ये लगेच कळतं.

आता पाणी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, त्यामुळे बऱ्यापैकी हलकं, म्हणजे क्षार कमी असलेलं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा (म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानलाय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे सोसायटीच्या अहवालात ‘पिण्यायोग्य’ लिहिलेलं पाणीही धुण्यासाठी फार जड असू शकतं.

टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच धरतो, कठीणपणा वेगळा मोजत नाही. साधं मीठ टाकलं तरी त्याचा आकडा वाढतो. मत्स्यालयाच्या दुकानात ‘जीएच’ (एकूण कठीणपणा) मोजायचा थेंबांचा किट मिळतो तो आणा. त्यात नळीतल्या पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम, तरी माहितीपत्रक वाचून घ्या. किट येईपर्यंत बाटलीत अर्धी बाटली पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा छोटा तुकडा, आणि जोरात हलवा. फेस टिकला आणि खाली पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस बसून पाणी दुधाळ झालं, वर साय धरली, तर जड. ही परीक्षा अंगाच्या साबणानेच करा, कपड्याच्या पावडरीने फसगत होते.

जड पाण्यात पावडरीचा बराच भाग क्षारांना बांधण्यातच संपतो, मळ काढायला उरतो तो थोडा. तुम्ही एक झाकण सौम्य लिक्विड टाकताय, ते या पाण्यात जवळजवळ नसल्यासारखंच. शूमधला युरिया कापडात उरतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि उबदार ओल्या डायपरमध्ये रात्रभर हे चालू राहतं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं, बाळ सलग झोपतं, शू जास्त तीव्र होते. म्हणून आधी ‘ठीक’ वाटलेली पद्धत याच वयात उघडी पडते.

अमोनियाकडे फक्त वास म्हणून बघू नका. त्याने त्वचेवरची आम्लता कमी होते आणि शीमधली पाचक एन्झाइम जास्त जोमाने त्वचा खातात. लाली येते ती यातून.

जंतुनाशकाबद्दल स्पष्ट सांगतो: ते धुण्याचं काम करत नाही. मळ, क्षार, युरिया यांपैकी काहीही ते काढत नाही, उलट शेवटच्या पाण्यात टाकलेलं कापडात राहतं आणि बाळाच्या नाजूक कातडीला लागून राहतं.

---

निळी_बादली

रसायनवाला यांनी कारण सांगितलं, मी प्रत्यक्ष धुणं सांगते. फ्रंट लोडसाठी लिहिते, टॉप लोडचं शेवटी.

आधी बादलीतलं पाणी बंद. डायपर पाण्यात दोन दिवस ठेवले की तेच पाणी जिवाणूंचं घर होतं, इलॅस्टिक आणि कव्हरच्या आतला पीयूएलचा (पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा) पापुद्रा नरम पडतो. रांगणाऱ्या बाळाच्या घरात पाण्याची बादली हा जिवाचा धोकाही आहे. त्याऐवजी जाळीची टोपली, हवा खेळती राहील अशी. शी असेल तर डायपर काढल्यावर लगेच कमोडमध्ये जेटने उडवा. फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, मशीन ती काढतं. वरचं अन्न सुरू झाल्यावर मात्र घन भाग मशीनमध्ये जाताच कामा नये. रात्रीचा डायपर सकाळीच नळाखाली धरून, पिळून टोपलीत टाका. एवढ्यानेच वासात मोठा फरक पडतो, कारण सगळ्यात तीव्र शू त्यातच असते.

धुणं दर दोन दिवसांनी. तीन दिवसांपलीकडे नको, आणि पावसात तर दोनच.

इन्सर्ट पॉकेटमधून काढूनच मशीनमध्ये टाका. वेलक्रो असेल तर बंद करा, नाहीतर सगळं एकमेकांत अडकून माळ होते.

पहिलं धुणं छोटं: ३०-४० मिनिटं, थंड ते ४० अंश, फ्रंट लोडची पावडर ३० ग्रॅम, शेवटी स्पिन. थेट गरम पाण्याने सुरुवात करू नका, शीमधली प्रथिनं गरमीने कापडाला धरतात. पावडर एन्झाइमवाली घ्या, पाकिटाच्या मागे घटकांत लिहिलेलं असतं. बादलीत धुवायची पावडर नको, तिचा फेस फ्रंट लोडमध्ये इतका होतो की कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि विसळणंही अर्धवट होतं.

पहिल्या धुण्याचं घाण पाणी निघून गेल्यावर दुसरं, खरं धुणं. दार उघडून डायपर ड्रमच्या कडांपासून सोडवा. स्पिनने ते गोल चिकटलेले असतात. ड्रम दोनतृतीयांश ते पाऊण भरला पाहिजे. कमी असेल तर बाळाची दुपटी, झबली, छोटे टॉवेल टाका, मोठी चादर नको, ती सगळ्यांना गुंडाळून घेते. फ्रंट लोड वजनावरून पाणी घेतं. सहा-सात डायपर एकटे टाकले तर पाणी इतकं कमी येतं की ते नुसते आपटत राहतात. ‘कॉटन ६०’, दोन ते तीन तासांचं पूर्ण सायकल, क्विक किंवा इको नको. पावडर ६० ते ७० ग्रॅम, किंवा पाकिटावर ‘जास्त मळलेले कपडे’ असं जिथे लिहिलंय तेवढी. एक्स्ट्रा रिन्स एकदा.

शेवटच्या पाण्याच्या वेळी काचेतून बघा. दोन-चार बुडबुडे चालतील, फेसाचा थर दिसला तर आणखी एक रिन्स. मशीनमधून निघालेल्या कपड्याला वास नसावा, पावडरीचाही फार नको. ओल्या कपड्याला शीसारखा वास आला तर पावडर कमी पडली. कपडा ताजा लागतो पण बाळाने पहिली शू केली की अमोनिया उठतो, तर आत जुनं साचलंय.

टॉप लोडला हीटर नसेल तर गीझर किंवा सोलरचं गरम पाणी बादलीने टाका. मशीनच्या पुस्तिकेत पाण्याची कमाल मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नका. सोलरचं पाणी सकाळी लवकर सोडलं तर चांगलं गरम मिळतं. कपडे पाण्यात सहज फिरले पाहिजेत, पण इतकं पाणी नको की ते नुसते तरंगतील.

---

वाघोलीची_आई

दोघांचे आभार. किट आणला. सोसायटीच्या टाकीच्या पाण्याला २४ थेंब लागले. माहेरी, कोथरूडला, नुसत्या महापालिकेच्या पाण्याला ३. पत्रकात एक थेंब १७.८ लिहिलंय. ५० मिली पाण्याची परीक्षाही केली, बांबूच्या इन्सर्टवर पाणी मण्यांसारखं थांबतं. आता नेमकं किती काय टाकायचं?

---

रसायनवाला

२४ थेंब म्हणजे लिटरला जवळजवळ ४२७ मिलिग्रॅम. चांगलंच जड.

हिशेब सोपा आहे. कठीणपणा १०० असेल तर १० लिटर पाण्यामागे धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) साधारण १ ग्रॅम. फ्रंट लोड एका भरणीला १५ लिटर घेतं असं धरा. तर ४२७ साठी साडेसहा ग्रॅम. हे दोन्ही धुण्यांना वेगवेगळं, पावडरीबरोबर थेट ड्रममध्ये. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजा, चमच्याने नको, कारण हलका सोडा आणि भरड सोडा यांचं एका चमच्यातलं वजन दुप्पट वेगळं असतं. हे प्रमाण कोरड्या पांढऱ्या भुकटीचं. काचेसारखे खडे मिळाले तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते पावणेतीनपट घ्यावे लागतात. खाण्याचा सोडा या कामाचा नाही.

---

मलमल

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडच्या बहुतेक पावडरींत सोडा आधीच भरपूर असतो. वरून आणखी टाकला की पाण्यातलं कॅल्शियम चुना होऊन बाहेर पडतं, आणि तो चुना जातो कुठे? निम्मा पाण्याबरोबर वाहतो, निम्मा कापडावर बसतो. जड पाण्यात सोड्याने धुतलेली सुती कापडं काही महिन्यांत राखाडी आणि खरखरीत होतात ती यामुळे.

मी ट्रायसोडियम सायट्रेट (लिंबूसत्वापासून बनणारं एक मीठ) सांगेन. ते कॅल्शियमला धरून पाण्यातच विरघळलेलं ठेवतं, गाळ होत नाही. लागतं मात्र सोड्याच्या तिप्पट: १०० कठीणपणा, १० लिटर, ३ ग्रॅम. म्हणजे तुमच्या मशीनला एका भरणीस १९-२० ग्रॅम. महाग पडतं, पण निदान मुख्य धुण्याला तेच वापरा. पहिल्या छोट्या धुण्याला सोडा चालेल.

आणि विसळण्याचं पाणी विसरू नका. धुण्यात क्षार बांधले, पण त्यानंतर तीनदा तेच ४२७ चं पाणी पावडरविना आत येतं. सॉफ्टनरच्या कप्प्यात ५ ग्रॅम लिंबूसत्व ५० मिली पाण्यात पूर्ण विरघळवून घाला. शेवटच्या पाण्यात ते जातं, उरलेला सोड्याचा अंश मारतं, कापड मऊ राहतं. ज्या धुण्यात ब्लीच वापरलंय त्यात लिंबूसत्व किंवा व्हिनेगर कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

---

रसायनवाला

गाळाचा मुद्दा मान्य. मुख्य धुण्याला सायट्रेट, पहिल्याला सोडा, हा तोडगा योग्य आहे. फक्त वाघोलीच्या ताईंनी एक लक्षात ठेवावं, टाकीत टँकर आणि पालिकेचं पाणी यांचं प्रमाण रोज बदलतं. उन्हाळ्यात टँकर जास्त, पावसाळ्याच्या शेवटी बोअरही थोडं हलकं होऊ शकतं. महिन्यातून एकदा थेंब मोजून प्रमाण बदला. सोसायटीत पाणी हलकं करणारा सॉफ्टनर प्लँट असेल तर त्याचं रेझिन मिठाच्या पाण्याने वेळच्या वेळी धुतलं जातंय का हे विचारा. ते राहून गेलं की प्लँटमधून पाणी जसंच्या तसं येतं आणि कोणाला कळतही नाही. थेंबांचा किट हे लगेच दाखवतो.

---

कर्वेनगर_धुलाई

साचलेलं काढण्याबद्दल. नेहमीची पद्धत सुधारल्याशिवाय हे करू नका, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

सगळ्यात मोठी चूक लोक पाण्यात करतात. ४२७ च्या पाण्यात भिजवून कापडातले क्षार कसे निघणार? टाकलेलं सायट्रेट आधी पाण्यातच खर्च होतं. हलकं पाणी हवं, २० लिटर पुरे. महापालिकेचं पाणी कॅनमध्ये आणा किंवा आता पाऊस आहे तर गच्चीवरचं, पहिल्या सरी वाहून गेल्यानंतर स्वच्छ टबात धरलेलं पाणी घ्या. पिण्याच्या आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते अनेक घरांत कपड्यांना वापरतात. डायपरला ते अजिबात नको. सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात, मूळ पाण्यापेक्षा ते जड असतं. त्याने फरशी पुसा.

फक्त इन्सर्ट घ्या, धुतलेले. पॉकेट आणि कव्हर यात घालू नका. २० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत गरम, त्यात ४० ग्रॅम सायट्रेट आणि ३० ग्रॅम एन्झाइमवाली पावडर पूर्ण विरघळवा, मगच इन्सर्ट सोडा. १२ ते १५ इन्सर्ट बसतात. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी काठीने ढवळा. पाणी थंड होईपर्यंत, म्हणजे चार-सहा तास ठेवा. रात्रभर नको. पाणी चहासारखं गढूळ झालं तर घाबरू नका. झालं नाही तरी क्षार निघालेले असू शकतात, ते विरघळल्यावर दिसत नाहीत.

मग मशीनमध्ये पावडर न घालता दोनदा विसळा. तोवर फेस येत राहील. फेस थांबला की एक नेहमीचं पूर्ण धुणं. वाळल्यावर ५० मिलीची परीक्षा पुन्हा करा. सॉफ्टनरचा थर जुना असेल तर एका वेळेत पूर्ण जात नाही, आठवड्याने परत करावं लागतं.

मायक्रोफायबरचे इन्सर्ट इतकं करूनही वास सोडत नसतील तर ते बदला. त्यांचे धागे बारीक आणि चिरा असलेले, जड पाण्याचे क्षार त्यात खोल बसतात. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडच्या टँकरच्या पाण्याला सुती इन्सर्टच बरे. मायक्रोफायबर थेट त्वचेला लागूही देऊ नये, ते कातडीचा ओलावाही ओढून घेतं.

---

मलमल

उकळण्याबद्दल. सासूबाईंचं म्हणणं लंगोटांपुरतं पूर्ण बरोबर आहे. निव्वळ सुती मलमल, जुन्या धोतराचे लंगोट, चौकोनी नॅपी हे दहा मिनिटं उकळले तरी काही होत नाही, आणि निर्जंतुक करायला जंतुनाशकापेक्षा हे चांगलं. पण बोअरच्या पाण्यात उकळू नका. तापवल्यावर त्यातला चुना बाहेर पडून कापडावरच बसतो, पातेल्याच्या तळाला जसा बसतो तसा. हलक्या पाण्यात उकळा.

पॉकेट, कव्हर, मायक्रोफायबर, इलॅस्टिक असलेलं काहीही उकळायचं नाही. पीयूएल म्हणजे पॉलिएस्टर कापडाला चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. ६० अंशांवर तो टिकतो, उकळत्या पाण्यात सुटायला लागतो. एकदा सुटला की कव्हर धरून प्रकाशात पाहिलं तर फुगे दिसतात, मग ते गळणारच. बांबूचं कापडही प्रत्यक्षात व्हिस्कोज असतं, ओलं असताना कमकुवत, उकळून लवकर विरतं.

घरी मावशी हाताने धूत असतील तर त्यांना दोन गोष्टी सांगा: ब्रश नको आणि वडी नको. ब्रशने पॉकेटच्या आतलं फ्लीस (मऊ लवदार कापड) लोंबायला लागतं आणि पापुद्रा चरतो. धुण्याच्या वडीत खडूसारखी भर असते, ती इन्सर्टच्या थरांत अडकते. पावडर कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास भिजवून हाताने चोळायचं, पिरगाळायचं नाही, दाबून निथळायचं. आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत विसळायचं, तीन बादल्या तरी लागतात.

रिठ्याबद्दल कोणीतरी विचारेलच. रिठा फेस देतो, रेशमी साडीला चांगला, पण शी-शूच्या कपड्यांना आणि त्यातून जड पाण्यात त्याचा जोर पुरत नाही.

---

कर्वेनगर_धुलाई

एक भर. बाळाला बुरशीचा संसर्ग झाला, म्हणजे घड्यांत लालभडक डाग आणि आजूबाजूला छोटे पुरळ, तर डॉक्टरांना दाखवा आणि औषध चालू असेपर्यंत कापडी डायपर बाजूला ठेवा. ते परत वापरात आणण्याआधी एकदा ब्लीच लागेल. ५ टक्क्यांचं साधं सोडियम हायपोक्लोराइट, १० लिटर थंड पाण्यात ५० मिली, अर्धा तास, फक्त पूर्ण धुतलेल्या इन्सर्टना. शू लागलेल्या कपड्यावर ब्लीच टाकलं तर घातक क्लोरामाइन वायू होतात, म्हणून धुतल्यानंतरच, खिडकी उघडी ठेवून. नंतर दोनदा विसळा आणि एक नेहमीचं धुणं.

---

मलमल

सुती असेल तर मी ब्लीचऐवजी उकळणंच सुचवेन. क्लोरीनने धागा विरतो आणि कडेच्या इलॅस्टिकचं आयुष्य कमी होतं. उकळता येत नाही अशा इन्सर्टना मात्र वरची पद्धत ठीक.

---

निळी_बादली

पावसाळ्याचं राहिलंय, आणि पुण्यात तो चार महिने आहे.

धुण्याची शिस्त कितीही चांगली असली तरी इन्सर्ट दीड-दोन दिवस दमट राहिला तर कुबट वास येणारच. शिवलेला सहा-आठ थरांचा बांबू इन्सर्ट जुलै-ऑगस्टमध्ये घरात वाळायला तेवढाच वेळ घेतो. म्हणून पावसात इन्सर्टचा प्रकारच बदला. मोठा मलमलचा चौकोन, म्हणजे जुना लंगोटच, घडी घालून पॉकेटमध्ये घाला. धुतल्यावर तो उलगडून एकेरी वाळत घालता येतो, पंख्याखाली काही तासांत कोरडा होतो, आणि विसळताना मधल्या थरांत काही अडकत नाही. बाळंतविड्यातली मलमलची दुपटी चालतात. शिवलेले जाड इन्सर्ट रात्रीसाठी राखून ठेवा.

संख्येचा हिशेब: दिवसाला ६-७ डायपर, धुणं दोन दिवसांनी, वाळायला दोन दिवस. म्हणजे पावसात २४ ते २८ इन्सर्ट लागतात. उन्हाळ्यात निम्म्यात भागतं. पॉकेट तेवढी नकोत, ती लवकर वाळतात.

इन्सर्टचं स्पिन १००० ते १२०० वर, हवं तर दुसऱ्यांदा नुसतं स्पिन. स्टँडवर दोन कपड्यांत बोटभर जागा, स्टँड पंख्याखाली आणि खिडकी उघडी. बंद खोलीत पंखा लावला तर तीच दमट हवा फिरत राहते. शेवटचा किंचित ओलावा इस्त्रीने घालवता येतो, पण फक्त सुती इन्सर्टवर. पॉकेट, कव्हर, मायक्रोफायबरला इस्त्री लावायची नाही.

ऊद-ओव्याच्या धुरीवर किंवा शेगडीच्या शेकावर लंगोट सुकवण्याची पद्धत आहे. कापडाला धुराचा वास आणि काजळी लागते, बाळ ते दिवसभर अंगावर घेतं, आणि पीयूएल तर उष्णतेने वितळतं. नकोच.

ऊन पडलं की फायदा घ्या. शीचे पिवळे डाग पावडरीने जात नाहीत पण उन्हात जातात, कारण तो रंग पित्तातला आहे आणि प्रकाशाने विघटित होतो. इन्सर्ट ओला असतानाच उन्हात घाला, वाळून डाग राहिला तर पाणी शिंपडून परत. पण हे इन्सर्टपुरतं. कव्हर आणि पॉकेट सावलीत. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात रोज तळपलेलं पीयूएल आणि इलॅस्टिक कडक होतं. कव्हर दोरीवर आडवं टाका. एका टोकाला चिमटा लावून लोंबकळत ठेवलं तर ओल्या वजनाने इलॅस्टिक ताणलं जातं, आणि मग मांडीला फट पडून गळतं, ज्याचा दोष लोक इन्सर्टला देतात.

---

वाघोलीची_आई

मनापासून आभार. दोन छोट्या शंका. लाली आली तर मलम लावायचं की नाही? आणि नवे सुती इन्सर्ट आणले तर थेट वापरायचे का?

---

निळी_बादली

नवे सुती इन्सर्ट थेट नको. कापसात नैसर्गिक तेल असतं, पहिल्या वापराला ते पाणी ढकलतं. पाच-सहा धुण्यांनंतर पूर्ण शोषायला लागतात. रोजच्या चादरी-टॉवेलबरोबर मशीनमध्ये टाकत राहिलात तर वेगळं पाणी लागणार नाही. निव्वळ सुती असतील तर हलक्या पाण्यात एकदा उकळले की काम लवकर होतं. मायक्रोफायबरला एक धुणं पुरे.

मलमाचं: झिंक ऑक्साइडची किंवा पेट्रोलियम जेलीची मलमं कापडावर बसली की पाणी रोखतात आणि सहज निघत नाहीत. लावायचंच असेल तर मध्ये लाइनर (डायपरवर ठेवायचा पातळ पट्टा) घाला किंवा मलमलचा वेगळा तुकडा, तो इतर डायपरबरोबर धुवायचा नाही. लाइनर पाकिटावर ‘फ्लश करा’ लिहिलेलं असलं तरी कमोडमध्ये टाकू नका, सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाच्या जाळ्या त्यानेच तुंबतात. कचऱ्यात टाका. रोजच्या वापराला थोडं खोबरेल पुरतं, ६० अंशांच्या धुण्यात ते निघून जातं. एखादा इन्सर्ट झिंकने माखलाच तर त्या डागावर भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब, बोटाने चोळून गरम पाण्याने धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत, आणि मगच मशीनमध्ये टाका.